कायम उपग्रह संदर्भ स्थानकाची उभारणी : कामाच्या नोंदी

या नोंदी एकाच स्थानकाच्या उभारणीच्या आहेत. खांबावर कायमची बसवलेली अँटेना, तिला जोडलेला अहोरात्र चालणारा रिसीव्हर आणि त्याची मोजमापे इंटरनेटवरून मोजणीदारांपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था, एवढाच या कामाचा पसारा आहे. एकटा रिसीव्हर आपली जागा काही मीटरच्या फरकाने सांगतो, कारण उपग्रहाची कक्षा, त्याचे घड्याळ, आयनांबर आणि तपांबर हे वातावरणाचे थर यांमुळे येणारी त्रुटी त्याला एकट्याला पुरती वेगळी काढता येत नाही. जवळजवळ असलेल्या दोन रिसीव्हरना मात्र ही त्रुटी जवळपास सारखीच लागते, आणि त्यांपैकी एकाची जागा आधीच पक्की ठाऊक असेल तर दुसऱ्याला सेंटिमीटरपर्यंत पोहोचता येते. आमचे स्थानक हा तो पहिला रिसीव्हर आहे.

१० सप्टेंबर २०२३ : दोन जागा

इमारतीची गच्ची आणि आवाराच्या मागील उघडा खडक, अशा दोन जागा विचारात होत्या. गच्चीवर वीज, इंटरनेट आणि राखण या तिन्ही गोष्टी आयत्या मिळत होत्या, तर खडकापर्यंत चर खोदून केबल न्यावी लागणार होती. पहिला कौल अर्थातच गच्चीच्या बाजूने होता. क्षितिजापासून पाच अंशांच्या वर आकाश मोकळे असावे, ही अपेक्षा दोन्ही जागा बऱ्याच अंशी पूर्ण करीत होत्या. गच्चीवर पाण्याची टाकी आणि जिन्यावरचे पत्र्याचे छप्पर होते, परंतु ते अँटेनाच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे अडथळा ठरणार नाहीत, असे वाटत होते. निर्णय अंदाजाने न घेता दोन्ही ठिकाणी तिपाईवर अँटेना लावून अहोरात्र निरीक्षणे नोंदवायचे ठरले.

२४ सप्टेंबर : गच्ची बाद

गच्चीवरच्या निरीक्षणांत ठरावीक दिशेच्या उपग्रहांची संदेशशक्ती लाटेसारखी वरखाली होत होती. शेजारच्या इमारतीवरील मोबाइल मनोऱ्यावर प्रथम संशय गेला आणि त्याचा माग काढण्यात बराच वेळ खर्च झाला. उत्तर शेवटी घड्याळाने दिले. दिवसागणिक आलेख एकाखाली एक ठेवल्यावर असे दिसले की जीपीएस उपग्रहांच्या बाबतीत तीच लाट रोज सुमारे चार मिनिटे आधी येते. जीपीएस उपग्रहांची आकाशातील मांडणी नाक्षत्र दिनानुसार, म्हणजे २३ तास ५६ मिनिटांनी, पुन्हा तशीच येते. त्यामुळे रोज चार मिनिटे अलीकडे सरकणारा बिघाड हा उपग्रह आणि आसपासचे पृष्ठभाग यांच्या भूमितीतून आलेला असतो, याचा अर्थ तो परावर्तनाचा असतो. एखाद्या यंत्राचा किंवा मनोऱ्याचा उपद्रव असता तर तो माणसांच्या घड्याळाप्रमाणे चालला असता. ही चाचणी फुकट आहे आणि तिच्यासाठी काही दिवसांची साधी नोंद पुरते, म्हणून जागा निवडणाऱ्या प्रत्येकाने ती सर्वांत आधी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

परावर्तन पत्र्यावरून आणि टाकीच्या झाकणावरून येत होते. वस्तू अँटेनाच्या खाली असली तरी ती निरुपद्रवी ठरत नाही, कारण वरून आलेला संदेश तिच्यावर आपटून अँटेनाकडे परततो. उपग्रहाचा संदेश ज्या रेडिओ लहरीवरून येतो त्या वाहक लहरीच्या मोजमापात परावर्तनामुळे येणारी चूक लहरलांबीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकते. पहिल्या जीपीएस वारंवारतेची, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झची, लहरलांबी १९ सेंटिमीटर आहे, तेव्हा ही चूक सर्वांत वाईट स्थितीत पाच सेंटिमीटरच्या जरा आत राहते. स्थानकात शिरलेली ही चूक त्याच्यावर विसंबणाऱ्या प्रत्येकाकडे जशीच्या तशी जाते आणि तिथे ती ओळखू येत नाही. खडकावरच्या निरीक्षणांत अशी लाट जवळजवळ नव्हती. गच्ची सोडून खडक निश्चित केला.

१५ ऑक्टोबर : पाया

वरची भुसभुशीत माती आणि झिजलेला थर काढून आवाज भरीव येईपर्यंत खडक मोकळा केला. त्यात छिद्रे पाडून लोखंडी सळ्या इपॉक्सीने घट्ट केल्या आणि त्यांच्याभोवती काँक्रीटचा खांब ओतला. लोखंडी नळीचा उंच खांब स्वस्त आणि लवकर झाला असता. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांश भाग प्रसरण पावते, तेव्हा तीन मीटरचा खांब तीस अंशांच्या फरकाने जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, आणि हे खपवून घेता येते. खरी अडचण अशी की उन्हाकडची बाजू सावलीकडच्या बाजूपेक्षा अधिक तापते आणि उंच नळी दिवसभर हळूहळू वाकत राहते. म्हणून खांब बुटका आणि जाड ठेवला, पण माथा मुद्दाम निमुळता केला. रुंद, सपाट माथा असेल तर अँटेनाचा तळ आणि काँक्रीटचा पृष्ठभाग यांच्यामध्ये परावर्तनाची नवी जागा तयार होते.

१९ नोव्हेंबर : माथ्यावरचा खिळा

काँक्रीटला अठ्ठावीस दिवस पाणी देऊन झाल्यावर माथ्यावर अँटेनासाठी स्टेनलेस स्टीलचा पाच-अष्टमांश इंची आट्यांचा खिळा बसवला. भोवती सिमेंटचा मसाला भरताना तो पातळीत होता, मात्र मसाला आवळल्यावर किंचित कलला. तो फोडून काढण्याऐवजी मध्ये समपातळीत आणणारा जोड बसवला. या जोडामुळे अँटेनाचा तळ मूळ खुणेपासून काही सेंटिमीटर वर गेला. ही उंची कॅलिपरने वेगवेगळ्या बाजूंनी मोजून लिहून ठेवली. तिच्यामुळे पुढे जे घडले ते मार्चच्या नोंदीत आहे.

२६ नोव्हेंबर : अँटेना आणि उत्तर दिशा

अँटेना चोक-रिंग प्रकारची आहे. तिच्याभोवतीची वर्तुळाकार खोबणी क्षितिजाजवळून आणि खालून येणारे परावर्तित संदेश दाबते. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा हिने आणि रिसीव्हरने घेतला, आणि त्यांतही हात आखडायचाच असेल तर तो रिसीव्हरच्या बाबतीत आखडावा, असे माझे मत आहे. रिसीव्हर काही वर्षांनी बदलता येतो. अँटेना बदलली की मात्र स्थानकाच्या निर्देशकांत, म्हणजे त्याची जागा सांगणाऱ्या आकड्यांत, काही मिलिमीटरची उडी येते आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा कायमचा दिसत राहतो.

अँटेना जिथे संदेश ‘मोजते’ तो बिंदू धातूचा नसतो. उपग्रह कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर आहे त्यानुसार आणि वारंवारतेनुसार तो सरकतो. हे सरकणे यंत्रमानवावर फिरवून मोजलेले असते आणि आंतरराष्ट्रीय जीएनएसएस (उपग्रह दिशादर्शन) सेवेच्या, म्हणजे आयजीएसच्या, सामायिक तक्त्यात प्रत्येक नमुन्यासाठी दिलेले असते. तो तक्ता लागू व्हायचा असेल तर अँटेनावरील उत्तरखूण खऱ्या उत्तरेकडे असली पाहिजे. होकायंत्राने दाखवलेली उत्तर आम्ही चुंबकीय फरकाची दुरुस्ती करूनही वापरू शकलो नाही, कारण खांबातील सळ्यांनी सुईच ओढली जात होती आणि खांबाभोवती फिरताना दिशा बदलत होती. अखेरीस दूरच्या एका ठळक खुणेवर आणि खांबावर उपग्रह निरीक्षणे घेऊन त्या दोन बिंदूंवरून दिशा काढली आणि तिला धरून अँटेना फिरवली.

पारदर्शक घुमट लावायचा की नाही, यावर मतभेद होते. घुमटाने पक्षी आणि पाऊस यांपासून बचाव होतो, पण तक्त्यातील मोजमाप अँटेना आणि घुमट या जोडीचे असते. आमच्या अँटेनासोबत जो घुमट तपासलेला आहे तो मिळत नव्हता, आणि भलताच घुमट लावणे म्हणजे तक्ता फेकून देणे होय. अँटेना उघडी ठेवली.

१७ डिसेंबर : केबल

उपग्रहाचा संदेश जमिनीवर उणे १३० डीबीएमच्या (डीबीएम हे संदेशशक्तीचे एकक) आसपास, म्हणजे रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाखाली, पोहोचतो. अँटेनातील प्रवर्धक त्याला उचलतो आणि लांब केबल त्यातले बरेच परत खाते. एलएमआर-४०० जातीच्या केबलमध्ये दीड गिगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे सतरा डेसिबल जातात, आणि बारीक केबलमध्ये याच्या कितीतरी पट. गच्ची सोडल्याची किंमत इथे चुकवली : चर, जाड केबल आणि तिच्यासाठी पाइप, हे तिन्ही मूळ अंदाजात नव्हते.

विजेपासून संरक्षणासाठी केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर लावले. जोडल्याबरोबर रिसीव्हरने अँटेना जोडलेलीच नाही, असा इशारा दिला. अँटेनातील प्रवर्धकाला लागणारा एकदिश प्रवाह त्याच केबलमधून वर जातो, आणि पुरवठादाराने दिलेला अरेस्टर हा प्रवाह अडवणाऱ्या प्रकारचा होता. बाहेरून दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात, तेव्हा बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने आरपार जोड तपासावा.

२१ जानेवारी २०२४ : दुसरी वारंवारता कमकुवत

पावसानंतर जीपीएसच्या दुसऱ्या वारंवारतेची संदेशशक्ती उतरत गेली आणि क्षितिजाजवळच्या उपग्रहांवर सायकल स्लिप, म्हणजे लहरींची मोजणी मध्येच तुटण्याचे प्रकार, वाढल्या, पण अँटेनाला मिळणारा विद्युतदाब व्यवस्थित होता. खांबाजवळच्या जोडात पाणी शिरले होते. जोड कापून नवा बसवला, त्यावर स्वतःशीच चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी गुंडाळली आणि जोडाच्या आधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता झोळावरून ठिबकते. विद्युतदाब ठीक असणे म्हणजे केबल ठीक असणे नव्हे. संदेशशक्तीचा आलेख रोज पाहण्याची सवय या प्रसंगाने लागली.

११ फेब्रुवारी : प्रसारण

मोजमापे आरटीसीएम या ठरावीक संदेशमांडणीत आणि ती इंटरनेटवरून पोहोचवणाऱ्या एनट्रिप या पद्धतीने पाठवली जातात. जर्मनीच्या संघीय नकाशाशास्त्र आणि भूमापन संस्थेत विकसित झालेली ही पद्धत साध्या इंटरनेट जोडणीवर चालते. मधल्या सर्व्हरला ‘कास्टर’ म्हणतात, आणि २१०१ हा त्याचा रूढ पोर्ट आहे. मोबाइल इंटरनेटवर स्थिर सार्वजनिक पत्ता मिळत नसल्यामुळे कास्टरने रिसीव्हरकडे येऊन डेटा नेण्याची आखणी सोडून दिली आणि रिसीव्हरनेच कास्टरकडे डेटा ढकलावा, अशी उलट रचना केली. सर्व उपग्रहप्रणाली धरूनही प्रवाह सेकंदाला एक किलोबाइटच्या आसपास राहतो, म्हणजे दिवसाला शंभर मेगाबाइटच्या आत. वेग ही अडचण कधीच नव्हती. राउटर मधूनच निपचित पडत असे, आणि त्यावर ठरावीक वेळी वीज तोडून पुन्हा जोडणारा साधा टाइमर सर्वांत परिणामकारक ठरला.

मोजमापांसोबत रिसीव्हर आणि अँटेना यांची ओळख सांगणारा १०३३ क्रमांकाचा संदेश पाठवणे आवश्यक आहे. तो नसेल तर दुसऱ्या बनावटीचा रोव्हर (मोजणीदाराचा फिरता रिसीव्हर) स्थानकावरची अँटेना कोणती हे गृहीतच धरतो, आणि उंचीत काही सेंटिमीटरचा फरक निमूट येतो. ग्लोनास या रशियन उपग्रहप्रणालीच्या वापरासाठी १२३० क्रमांकाचा संदेशही सुरू केला. तो नसताना वेगळ्या बनावटीच्या रोव्हरवर ग्लोनास उपग्रह उपयोगी पडण्याऐवजी उकल, म्हणजे सेंटिमीटरपर्यंतची जागा ठरणे, लांबवत होते.

१० मार्च : निर्देशक

संपूर्ण प्रकल्पाचा गाभा या नोंदीत आहे, म्हणून ती लांबली आहे.

सुरुवातीला रिसीव्हरने स्वतः घेतलेल्या दीर्घ सरासरीवरून तात्पुरते निर्देशक भरले होते. त्यांवर एका मोजणीदाराने प्रत्यक्ष काम केले. त्याच्या यंत्रावर ‘फिक्स्ड’, म्हणजे उकल पक्की झाली, असे दिसत होते आणि अचूकतेचा आकडा एक-दोन सेंटिमीटरचा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तरीही त्याचे सर्व बिंदू मीटरभर सरकलेले होते. रोव्हर फक्त स्थानकापासून आपल्यापर्यंतचा सदिश, म्हणजे अंतर आणि दिशा, मोजतो, आणि त्याने दाखवलेली अचूकता त्या सदिशाची असते. स्थानकाने आपली जागा चुकीची सांगितली तर रोव्हर तीच चूक, एकही इशारा न देता, तितकीच्या तितकी उचलतो. शिवाय स्थानकाच्या निर्देशकांत दहा मीटरची चूक असेल तर सदिशही किलोमीटरमागे सुमारे अर्धा मिलिमीटर बिघडतो, परंतु मूळ सरकण्यापुढे ही बाब किरकोळ आहे. तात्पुरत्या निर्देशकांवर प्रसारण सुरू ठेवू नये, आणि चाचणीसाठी ठेवलेच तर ते सार्वजनिक यादीत दिसू देऊ नये.

पक्क्या निर्देशकांसाठी २४ तासांच्या रायनेक्स (निरीक्षणे साठवण्याची सामायिक मांडणी) फायली कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील शासकीय भूमापन संस्थांच्या मोफत गणनसेवांकडे पाठवल्या. आयजीएसच्या अंतिम कक्षा उपलब्ध व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि आम्ही तेवढे थांबलो. दोन्ही सेवांची गणितपद्धत वेगळी आहे. एक सेवा स्थानकाची जागा एकट्याच्या निरीक्षणांवरून काढते, तर दुसरी आसपासच्या आयजीएस स्थानकांशी जोडून काढते. त्यामुळे दोघींची उत्तरे मिलिमीटरांत जुळली तेव्हा त्यांवर विश्वास ठेवण्यास आधार मिळाला.

उत्तरे त्या वेळच्या आयजीएस२० या चौकटीत, म्हणजे निर्देशकांच्या जागतिक संदर्भप्रणालीत, आणि निरीक्षणाच्या दिवशीची होती. भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात, म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या काळाला बांधलेल्या नकाशाशी हे आकडे थेट जुळवले तर काही डेसिमीटरचा फरक दिसू शकतो, आणि तो कोणाचीच चूक नसतो. आम्ही निर्देशकांसोबत चौकटीचे नाव आणि काळ, दोन्ही ठळकपणे प्रसिद्ध करतो. केवळ अक्षांश-रेखांश देणारे स्थानक अर्धीच माहिती देते.

यानंतरही, पूर्वी दीर्घ निरीक्षणाने ठरवलेल्या बिंदूंवर रोव्हर ठेवला असता आडव्या दिशेत सर्व काही जुळत होते, पण उंची सर्वत्र सारख्याच प्रमाणात कमी येत होती. सगळीकडे एकसारखा फरक दिसला की हवामान आणि उपग्रह यांना दोष देण्यात अर्थ नसतो, तेव्हा कुठल्यातरी ठरावीक संख्येचा शोध घ्यावा. ती संख्या नोव्हेंबरमध्ये मोजलेल्या जोडाची निघाली. रिसीव्हरमध्ये खांबावरील खुणेची उंची भरली होती, परंतु आरटीसीएमचे १००५ आणि १००६ हे संदेश अँटेनाच्या तळाच्या संदर्भबिंदूचे निर्देशक गृहीत धरतात. स्थानक स्वतःला प्रत्यक्षापेक्षा खाली समजत होते, म्हणून सर्वांनाच खाली ढकलत होते. संदर्भबिंदूची उंची भरल्यावर फरक नाहीसा झाला.

७ एप्रिल : अंतर

उत्पादक सांगतात ती अचूकता सहसा आडव्या दिशेत ८ मिलिमीटर अधिक किलोमीटरमागे एक मिलिमीटर अशी असते, आणि उंचीत १५ मिलिमीटर अधिक तेवढेच. जवळच्या बिंदूंवर आम्हाला याहून थोडे बरे निष्कर्ष मिळाले. वीस किलोमीटरच्या पुढे अचूकतेपेक्षा उकल मिळण्याचाच प्रश्न उभा राहतो. लहरींची पूर्ण संख्या निश्चित करायला रोव्हर अधिकाधिक वेळ घेतो, आणि दुपारनंतर आयनांबर तापलेले असताना कधी कधी ‘फ्लोट’वरच, म्हणजे अर्धवट उकलीवर, अडकून राहतो. मोठ्या जाळ्यांत स्थानके पन्नास ते सत्तर किलोमीटरवर असूनही काम चालते, कारण तिथे मध्यवर्ती संगणक आसपासच्या अनेक स्थानकांवरून त्रुटीचा उतार काढतो आणि रोव्हरच्या जागी जणू एक काल्पनिक स्थानक उभे करतो. एकट्या स्थानकाकडून ती अपेक्षा करू नये. आम्ही वापराची मर्यादा वीस किलोमीटर ठेवली आणि तसे यादीत लिहिले.

१२ मे : सौर वादळ

१० आणि ११ मे रोजी, ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच, सर्वोच्च म्हणजे जी५ श्रेणीचे भूचुंबकीय वादळ झाले. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची स्वयंचालित दिशादर्शने बिघडल्याच्या बातम्या आल्या. आमच्याकडेही ‘स्थानक बंद आहे’ अशा तक्रारी आल्या, मात्र स्थानक पूर्ण चालू होते आणि प्रसारणात खंड नव्हता. आयनांबरच इतके ढवळले होते की स्थानकावरची त्रुटी आणि थोड्या अंतरावरच्या रोव्हरची त्रुटी सारखी राहिली नव्हती, आणि ज्या गृहीतकावर हे सगळे उभे आहे तेच तेवढ्यापुरते मोडले होते. अशा वेळी काम थांबवणे हाच उपाय आहे. तक्रारींची उत्तरे देण्यात वेळ जाऊ नये म्हणून स्थानकाच्या स्वतःच्या निरीक्षणांवरून आयनांबराची अस्थिरता दाखवणारा आलेख आता स्थितिपानावर ठेवला आहे.

१६ जून : देखभाल

तीस सेकंदांच्या दैनिक फायली हातानाका पद्धतीने संकुचित करून दोन ठिकाणी साठवतो. रोजच्या गणनेतून आलेल्या निर्देशकांत भूपट्टाची गती वजा केल्यावर आडव्या दिशेत दोन-तीन मिलिमीटर आणि उंचीत त्याच्या दुप्पट-तिप्पट विखुरणे उरते. त्यावरून प्रसारित निर्देशक बदलण्याचे कारण नाही. वारंवार ‘सुधारित’ होणारे निर्देशक वापरणाऱ्यांना सेंटिमीटरच्या चुकीपेक्षा अधिक त्रास देतात. रिसीव्हरच्या नव्या सॉफ्टवेअरची, केबलच्या दुरुस्तीची आणि खांबाजवळ छाटलेल्या झुडपांचीही तारखेसह नोंद स्थानकाच्या वहीत होते.

खांब स्वतः हलतो आहे का, हे उपग्रहांवरून लवकर कळत नाही, म्हणून त्याच्याभोवती वीस-तीस मीटरवर खडकात तीन खुणा ठोकल्या आणि टोटल स्टेशन (कोन व अंतर मोजणारे यंत्र) व लेव्हल (उंचीतला फरक मोजणारे यंत्र) यांनी पहिली मोजणी घेतली. दुसरी मोजणी जमीन पाण्याने भरून पुन्हा वाळल्यावर घ्यायची आहे. बॅटऱ्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर उतरली असून त्या बदलण्याचे काम त्याआधी उरकायचे आहे.